लिनिया टी-जेट घ्यायची का? घ्या, पण आधी मेकॅनिक शोधा

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : "बजेट तीन लाख, खर्चासकट. घरात आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि वडील. कामावर स्कूटरने जातो, त्यामुळे गाडी लागते ती रविवारी, सणावाराला आणि साखरप्याजवळच्या गावी जायला. पुण्यात २०१४ ची फियाट लिनिया टी-जेट बघितली. एकच मालक, ८२ हजार किलोमीटर, मागतात २ लाख ४० हजार. एक चक्कर मारली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. मेहुण्यांचा टूर्सचा धंदा आहे. ते म्हणतात, बंद पडलेल्या कंपनीची गाडी कशाला, डिझायर घ्या. बायको एवढंच विचारते, आंबा घाटात बंद पडली तर काय करायचं?"

घ्या. मात्र पुण्याला टोकन द्यायला जाण्याआधी कोल्हापूर-सांगली भागात या गाडीवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. तो मिळाला तर तीन लाखांत चौघांच्या कुटुंबासाठी याहून चांगली चालणारी गाडी मला तरी दिसत नाही. नाही मिळाला, तर मेहुण्यांचं ऐका. माझं उत्तर एवढंच आहे. पण पत्रात तिघांची तीन मतं आहेत आणि प्रत्येकाचं काहीतरी बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मेहुण्यांच्या वाक्यातली एक गोष्ट दुरुस्त करू. फियाट बंद पडलेली नाही, तिने भारतात स्वतःच्या नावाने गाड्या विकणं थांबवलं. लिनिया २००९ च्या जानेवारीत आपल्याकडे आली आणि २०१९ च्या सुमारास तिची विक्री संपली. ती बनत होती पुण्याजवळ रांजणगावला, टाटांबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात. तो कारखाना आजही चालू आहे. जीप कंपास तिथेच तयार होते, टाटांच्या नेक्सॉनही तिथून निघतात. म्हणजे तुम्ही पाहिलेली गाडी परदेशातून आणलेली दुर्मीळ वस्तू नाही, ती आपल्या शिरूर तालुक्यातली आहे.

टी-जेट हा लिनियाचा टर्बो पेट्रोल प्रकार, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बो असलेला. २०१० मध्ये आला, मध्ये थांबला, २०१३ मध्ये पुन्हा आणला. १३६८ सीसीचं इंजिन, ११४ पीएस ताकद, २०७ एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) आणि तोही २२०० आरपीएमला. त्या काळात या किमतीच्या बहुतेक पेट्रोल सेडानमध्ये दीड लिटरच्या आसपासचं साधं इंजिन असायचं आणि तेवढा टॉर्क त्यात नसे. चारही चाकांना डिस्क ब्रेक. १६ इंची चाकं. २०१३ नंतरच्या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिलिमीटर. डिकी ५०० लिटरची. हेच इंजिन जास्त ताकदीत बसवून कंपनीने २०१५ मध्ये १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो काढली होती. कागदावर इतकं सगळं असूनही गाडी खपली नाही.

का खपली नाही हे समजलं की २ लाख ४० हजारांचा आकडा समजतो. त्या वर्षांत पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती आणि सेडान घेणारा माणूस डिझेलच मागत होता. टर्बो पेट्रोल म्हणजे काय हे शोरूममध्ये समजावून सांगायलाही कोणी नसायचं. मागच्या सीटवर होंडा सिटीइतकी ऐसपैस जागा नव्हती. शिवाय "फियाट पेट्रोल पिते" हा शिक्का पॅलिओ १.६ पासून बसला होता, तो पुसला गेला नाही. आधी टाटांच्या डीलरांकडून विक्री, मग वेगळं जाळं, आणि मग जाळंच विरळ होत गेलं. यातलं एकही कारण गाडी वाईट चालते असं सांगत नाही. बाजाराने तिचे पैसे ज्या कारणांसाठी कापले, त्यातली निम्मी कारणं तुम्हाला लागूच पडत नाहीत. जुन्या गाडीत फायदा असेल तर तो इथेच असतो.

आता त्या चकरेबद्दल. तुम्हाला जे जाणवलं ते नेमकं काय होतं ते सांगतो, कारण घरी ते पटवून देताना शब्द सापडत नाहीत असं तुम्हीच लिहिलं आहे.

या गाडीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं आहे. आज बहुतेक सगळ्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते. पार्किंगमध्ये तसलं स्टिअरिंग बोटाने फिरतं, पण रस्ता हाताला कळत नाही. लिनियात वळण जसजसं आवळत जातं तसतसं स्टिअरिंग हातात जड होतं आणि पुढच्या टायरची पकड किती उरली आहे ते तळव्यांना कळतं. आंबा गाव सोडून साखरप्याकडे उतरू लागलं की एकामागून एक वळणं येतात. पहिल्या वळणातून गाडी सरळ होते न होते तोच दुसरीकडे वजन टाकावं लागतं. बऱ्याच सेडान तिथे आधी कलंडतात आणि मग वळतात, मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं ते त्यामुळे. लिनिया एकदाच झुकते आणि वळण संपेपर्यंत त्याच झुकण्यावर स्थिर राहते. तुमच्या मुलीला घाटात मळमळतं असं तुम्ही लिहिलं आहे. चालवणाऱ्याने उगाच घाई केली नाही तर या गाडीत तिला त्रास नक्की कमी होईल.

इंजिनाचा स्वभाव मात्र समजून घ्यावा लागतो. दोन हजार आरपीएमच्या खाली ते सुस्त आहे. महाद्वार रोडच्या गर्दीत, स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये निघताना वाटेल की हीच का ती गाडी. मग टर्बो भरतो आणि सीट पाठीला टेकते. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये काटा अडीच हजारांच्या वर ठेवा. पुढे उसाची ट्रॉली असली तरी मोकळा पट्टा दिसला की पाय दाबायचा, गिअर खाली टाकायची गरज पडत नाही. ओव्हरटेक लवकर संपतो. दुपदरी रस्त्यावर समोरच्या लेनमध्ये आपण जितका कमी वेळ असू तितकं बरं, म्हणून मी या ताकदीला चैन म्हणत नाही. पुणे-कोल्हापूर हायवेवर भरलेली गाडी खंबाटकी चौथ्या गिअरमध्ये सहज काढते. खड्ड्यांवर तर ती आजच्या कितीतरी नव्या गाड्यांना ऐकत नाही. सस्पेन्शन घट्ट आहे, पण आदळत नाही.

उणिवाही सांगतो. पेडलांजवळची जागा अरुंद आहे, डावा पाय टेकवायला नीट जागा मिळत नाही. तुमचा बूट मोठा असेल तर तासभर चालवून बघा. यू-टर्नला ती जास्त जागा घेते. मागे दोघं आरामात, तिसऱ्या मोठ्या माणसाची अडचण. वडिलांचे गुडघे दुखतात म्हणता, तर त्यांना पुढे बसवा. सीट पुरेशी उंच आहे, चढ-उतार त्यांना जमेल. तरीही त्यांना प्रत्यक्ष बसवून बघितल्याशिवाय व्यवहार करू नका.

मेहुण्यांचा सल्ला त्यांच्या धंद्यासाठी शंभर टक्के बरोबर आहे. ज्याची गाडी रोज अडीचशे-तीनशे किलोमीटर धावते, त्याला प्रत्येक गावात मिळणारा पार्ट आणि लिटरमागचा प्रत्येक किलोमीटर मोजावाच लागतो. तुमचा हिशेब वेगळा आहे. तुम्ही वर्षाला सहा हजार किलोमीटर म्हणता. टी-जेट तुम्हाला गाव-हायवे मिळून लिटरला अकराच्या आसपास देईल असं धरा, डिझायर पेट्रोल सोळा. वर्षाला साधारण १७० लिटर जास्त लागतील. आजच्या भावाने ते अठरा हजारांच्या आत बसतात. तेवढ्याच वर्षाची, तेवढीच चाललेली डिझायर तुमच्याकडून लाखभर तरी जास्त मागेल. ती लाखाची रक्कम इंधनात भरून निघायला पाच वर्षांहून जास्त लागतील, आणि ती पाच वर्षं तुम्ही डिझायर चालवत असाल. हे डिझायरला कमी लेखून म्हणत नाही. ती हलकी, काटकसरी आणि भरवशाची गाडी आहे. पण तुम्ही जे शोधताय ते तिच्यात नाही.

रीसेलची भीती मात्र खरी आहे. ही गाडी पुढे विकायला काढलीत तर गिऱ्हाईक कमी आणि घासाघीस जास्त. म्हणून ती दोन वर्षांसाठी घेऊ नका. घेतलीत तर वापरून संपवायच्या तयारीनेच घ्या.

वहिनींचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर मेकॅनिक हेच आहे.

या गाडीचे पार्ट दोन गटांत बघा. सस्पेन्शन, ब्रेक, दरवाज्यांची कुलपं, एसीचे बरेच भाग फियाटच्याच पुंटोशी जुळतात किंवा साध्या लिनियाशी सारखेच आहेत. पुंटो रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे नवे आणि जुने दोन्ही पार्ट पुण्यात मिळतात. जीपची काही सर्व्हिस सेंटर फियाटच्या गाड्याही घेतात. दुसरा गट टी-जेटच्या इंजिनाचा. टर्बो, त्याचे पाइप, काही सेन्सर. हे दुकानात शेल्फवर नसतात, मागवावे लागतात. युरोपात हेच इंजिन अबार्थ आणि अल्फा रोमिओच्या गाड्यांत भरपूर वापरलं गेलं, म्हणून पार्ट मिळत नाही असं होत नाही. पण दोन-तीन आठवडे गाडी उभी राहू शकते. तुमची स्कूटर आहे, तुमचं भागेल. रोज याच गाडीने नोकरीला जाणाऱ्या माणसाला मी ही गाडी सुचवली नसती.

मेकॅनिककडे गेलात की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळेल : "फियाट का? स्विफ्टचंच इंजिन ते, डोळे झाकून घ्या." तो बोलतोय १.३ मल्टिजेट डिझेलबद्दल. ते इंजिन खरंच स्विफ्टमध्ये, टाटांच्या व्हिस्टामध्ये, सगळीकडे होतं आणि गल्लीतला मेकॅनिकही ते खोलतो. तुमचं इंजिन ते नाही. म्हणून नेमकं विचारा : १.४ टर्बो पेट्रोलचा टायमिंग बेल्ट बदललाय का? त्यासाठी कॅमशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणारं लॉकिंग टूल लागतं, ते आहे का? फियाटचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का? या तिन्हीला त्याने "हो" म्हणून टूल काढून दाखवलं तर तुमचा माणूस सापडला. कोल्हापुरात नाही मिळाला तर सांगली-मिरजेत, निपाणी-बेळगावकडे विचारा. लिनिया-पुंटो चालवणारे लोक एकमेकांना धरून असतात, रस्त्यात दिसली तर थांबवून विचारा, आनंदाने पत्ता देतील.

आता पुण्यातली गाडी. मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की सकाळी पहिल्यांदा इंजिन तुम्हीच चालू करणार. बॉनेटला हात लावा, ते गारच असायला हवं. स्टार्ट केल्यावर पहिल्या काही सेकंदांत मागून निळसर धूर आला तर टर्बोच्या सीलपासून वॉल्व्हपर्यंत कशाचाही खर्च असू शकतो. तिथून निघून या. धूर नसेल तर एअर फिल्टरकडून टर्बोला जाणारा पाइप मेकॅनिकला काढायला सांगा आणि आत बोट फिरवा. तेलाचा हलका ओलावा चालतो, बोट भिजून निथळलं तर चालत नाही.

मग खडबडीत रस्त्यावर खिडक्या बंद करून, गाणी बंद करून तीस-चाळीसच्या वेगाने चालवा. पुढून टक-टक आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रटच्या माउंटिंग (पुढच्या सस्पेन्शनचे रबरी भाग) गेल्या आहेत. आपल्या रस्त्यांवर ८० हजारांनंतर हे होणारच, त्यासाठी गाडी नाकारू नका, भाव कमी करा. स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून धरा आणि कुरकुर ऐका. नंतर गाडी रॅम्पवर घेऊन स्टिअरिंग रॅकपाशी तेल गळतंय का बघा. हायड्रॉलिक स्टिअरिंगची जी किंमत मोजावी लागते ती इथे, रॅक महाग असतो. एसी दुपारच्या उन्हात तपासा, सकाळी सगळ्यांचाच गार लागतो. एअरबॅग व्हेरियंटप्रमाणे बदलतात, म्हणून डॅशबोर्डवर खूण आहे का आणि किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा. दिवा मुळीच लागत नसेल तर कोणीतरी बल्ब काढलेला असू शकतो.

८२ हजारांचा आकडा मीटरवर विश्वास ठेवून मान्य करू नका. सर्व्हिसची बिलं मागा. तीही नसतील तर विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहास, पीयूसीच्या पावत्या, जे मिळेल ते तारखेप्रमाणे लावून बघा. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसू दे, बदलायचे. मापाची काळजी नको, २०५/५५ आर १६ हे माप सगळीकडे मिळतं.

बेल्टबद्दल वेगळं सांगतो. या इंजिनात टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. बेल्ट किलोमीटरने झिजतो तसाच वर्षांनीही सुकतो. तो चालत्या गाडीत तुटला तर दुरुस्ती इंजिन उघडण्यापर्यंत जाते. मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. बदलताना बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही बरोबरच बदला, कारण पंप याच बेल्टवर चालतो आणि मजुरी एकदाच लागते. याच वेळी पेट्रोलचे रबरी पाइप बघायला सांगा. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं आणि २०१४ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. पाइप कडक झाले असतील, भेगा दिसत असतील तर लगेच बदलायचे. गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१४ ची गाडी म्हणजे नोंदणी २०२९ पर्यंत. त्यानंतर फिटनेस तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याची फी सध्या ५ हजार रुपये आणि वर पर्यावरण कर. त्यामुळे एखाद्याने २०१० ची टी-जेट आणखी स्वस्तात दाखवली तर तिचं नूतनीकरण झालंय का ते आधी विचारा. एमएच-१२ पासिंगची गाडी एमएच-०९ भागात आणताना पुन्हा रोड टॅक्स भरावा लागत नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुमच्यासमोर घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन बाकी आहेत का ते तिथेच मोबाइलवर बघा. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, एजंट ते "नंतर बघू" म्हणतात, तुम्ही नंतरवर ठेवू नका.

भावाचं सांगायचं तर २ लाख ४० ही मागणी आहे, किंमत नाही. वरचं सगळं नीट निघालं, फक्त बेल्टचं बिल नाही आणि पुढचं सस्पेन्शन वाजतंय, अशी गाडी असेल तर मी २ लाख १० हजारांच्या वर जाणार नाही. उरलेल्या नव्वद हजारांतले साठ-सत्तर पहिल्या सहा महिन्यांत लागतील हे धरूनच चाला : बेल्ट आणि पंप, बुश, चार टायर, सगळी तेलं, बॅटरी. वहिनींना हा आकडा आधीच सांगा. पहिल्या सहा महिन्यांत खर्च येणार हे घरात ठाऊक असलं तर प्रत्येक बिलावर "मी म्हटलं नव्हतं का" ऐकावं लागत नाही. विम्याबरोबर रोडसाइड असिस्टन्सही घ्या, आंबा घाटात क्रेन कोण पाठवणार हे त्या कागदावर लिहिलेलं असू दे.

इंजिनात मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच पूर्ण सिंथेटिक ऑइल घाला, स्वस्तातलं घालून टर्बोचं आयुष्य कमी करू नका. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा, म्हणजे टर्बोत तेल फिरत राहून तो निवतो.

शेवटची चक्कर एकट्याने मारू नका. वहिनी, वडील आणि मुलगी, सगळ्यांना पुण्याला घेऊन जा, कात्रजचा चढ-उतार त्यांना बसवून करा आणि वडिलांना दोनदा उतरायला-चढायला लावा. चौघांना पटली तर मेकॅनिकला फोन करून दिवस ठरवा आणि गाडी पुण्याहून थेट त्याच्या दारात नेऊन उभी करा. गावी पहिली फेरी बेल्ट बदलल्यानंतरच.